नकटीबरोबर जामखेडला

जामखेडला पाहण्यासारखं आहे तरी काय, असं परतल्यावर शाळेतल्या सगळ्यांनी मला विचारलं. अजिंठा झालं, वेरूळ झालं, बदामी झालं, आणि दसऱ्याच्या सुट्टीत चित्रकलेचे मास्तर जामखेडला? खरं सांगायचं तर जामखेड मी धड पाहिलंच नाही. नगरपासून तिथपर्यंत मी पाहत होतो ती एक लॉरी. तिनं मला जितकं थक्क केलं तितकं लेण्यांनीही केलं नव्हतं, आणि हे लिहून ठेवायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

मी हौसेनं गेलो नव्हतो. आमच्या मंडळींनी मला पाठवलं. बायकोचा धाकटा भाऊ वसंता कॉलेज अर्धवट टाकून लढाईवर गेला, लष्कराच्या मोटारखात्यात मेकॅनिक झाला आणि ब्रह्मदेशच्या सरहद्दीवरून धडधाकट परत आला. इथवर सगळं ठीक होतं. पण लढाई संपल्यावर नगरला लष्करानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, आणि या पठ्ठ्यानं जवळची सगळी पुंजी घालून त्यातली एक अवजड लॉरी घेतली. कारकुनी आणि मास्तरकी यापलीकडे ज्या घरानं कधी पाऊल टाकलं नाही, त्या घरातला मुलगा सिमेंट आणि लोखंड वाहू लागला. सासूबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. लोक काय म्हणतील याची त्यांना तितकीशी पर्वा नव्हती. त्यांना त्या गाडीचीच भीती वाटे. "लढाईतनं आलीय ती. माणसं खाऊन आलीय," असं त्या म्हणत.

वर्षभर त्यांनी मुलाच्या मागे धोशा लावला. शेवटी कचेरीत कारकुनाची जागा निघाली आणि वसंता कंटाळून हो म्हणाला. जामखेडच्या मोतीशेटना गाडी घ्यायची होतीच. ठरलं असं, की शेटच्या मळ्यासाठी आलेलं ऑइल इंजिन नगरहून जामखेडला पोचवायचं आणि गाडीही तिथंच त्यांच्या हवाली करायची. ऐन वेळी वसंताचं मन फिरू नये म्हणून बरोबर कुणीतरी वडीलधारं माणूस हवं होतं. "गाडी देऊन टाका आणि त्याला घेऊनच या," असं मला पुण्याहून निघताना बजावण्यात आलं.

नगर : अष्टमी

गाडी पाहिली आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "अरेरे!"

मी वर्षानुवर्षं मुलांना प्रमाणबद्धता शिकवतो. मोटारीला कशी, समोर एक लांब नाक असतं, त्याच्यामागे काच, मग बैठक, मग बाकीचं अंग. या बाईला नाकच नव्हतं. भिंतीवर आपटल्यासारखा चेहरा सपाट, वर दोन बारीक काचा, आणि त्यासुद्धा उलट्या कललेल्या. वरची कड पुढे आलेली, खालची आत गेलेली. एखाद्या मुलानं अशी मोटार काढली असती तर मी त्याचा कागद फाडला असता.

"हिचं नाक कुठं गेलं रे?" मी विचारलं.

"कापलं," वसंता म्हणाला. तो चाकांना काठीनं ठोकून हवा पाहत होता. "जहाजातून आणायची होती ना, भाऊजी. नाक कापलं की एका जहाजात जास्त गाड्या मावतात."

"आणि इंजिन?"

"ते आत. तुमच्या आणि माझ्या मधे. थंडीच्या दिवसांत बरं असतं."

"आणि काचा अशा तोल गेल्यासारख्या का?"

त्यानं मला गाडीपासून लांब नेलं आणि शेजारी उभ्या असलेल्या, उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीकडे बोट केलं. तिच्या काचेवरून ऊन असं काही परावर्तित होत होतं की माझे डोळे दिपले. मग त्यानं आमच्या बिननाकाच्या नकटीकडे बोट केलं. तिची काच काळोख्या खिडकीसारखी शांत होती. तिच्यावर पडणारं ऊन तिथल्या तिथं खाली मातीत जात होतं.

"वरून विमान जात असलं की काच चमकते ती दिसते," तो म्हणाला. "मग विमान खाली येतं."

एवढंच बोलून तो पुन्हा चाकाकडे गेला. मी मात्र तिथंच उभा राहिलो. जी रेघ मला चुकलेली वाटत होती ती कुणीतरी विचार करून, जीव वाचावा म्हणून, मुद्दाम वाकडी काढली होती. मला स्वतःच्या "अरेरे"चं थोडं हसू आलं, आणि मग मात्र मी गाडीभोवती देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी फेरी घातली.

टपाच्या मधोमध एक गोल भोक होतं, वर ताडपत्रीची झडप. लढाईत त्यातून एक जवान उभा राहून आभाळ पाही. सगळ्या लॉऱ्यांना मागे जोडीनं चाकं असतात, हिला पुढेमागे एकेकच, पण रुंद, आणि चारही अगदी एका मापाची. कारण वाळूत आणि चिखलात पुढच्या चाकानं पाडलेल्या चाकोरीतूनच मागचं जावं, त्याला नवी वाट काढावी लागू नये. शिवाय पुढची चाकंही इंजिनाच्या जोरानं फिरत. इतर गाड्यांची पुढची नुसती फरफटत जातात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

चाकांवर मात्र एक गोष्ट मला खटकली. प्रत्येक चाकाच्या मध्यावर नटांचं एक छोटं कडं होतं, काळं, आणि त्याच्या बाहेर नटांचं दुसरं मोठं कडं, तांबडंभडक रंगवलेलं.

"अर्धवट रंगवलेत का?"

"लाल म्हणजे हात लावायचा नाही," वसंता म्हणाला. तेवढ्यात मागे शेटचं ऑइल इंजिन चढवणाऱ्या हमालांनी आरडाओरडा केला, म्हणून तो तिकडे धावला. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

इंजिन चढवून घेत होता तो शेटचा माणूस, राणबा. पन्नाशीचा, पिळदार मिशांचा, एके काळी सर्व्हिस मोटारीवर काम केलेला. पुढे गाडी त्याच्याच हाती जाणार होती, त्यामुळे तो सासरी आलेल्या जावयासारखा खुशीत होता.

"लई गुणाची हाय बगा ही," तो मला म्हणाला. "दिसाया न्हाई, पन घरात आनली की घर सांबाळंल."

वसंतानं ते ऐकलं आणि तोंड फिरवलं.

वाटेवर

मोटारीचं इंजिन मांडीशी घेऊन बसणं काय असतं ते बसल्याशिवाय कळत नाही. भट्टीवर चणे भाजावेत तशा माझ्या पोटऱ्या भाजत होत्या. आवाज इतका, की वसंता काही बोलला की मी मान डोलवायचो आणि मी बोललो की तो. शेवटी राणबानं वरची झडप उघडली आणि म्हणाला, "मास्तर, हुबं ऱ्हावा. वारं लागंल."

मी बाकावर उभा राहिलो आणि कमरेपर्यंत टपाबाहेर आलो.

ते वर्णन मला नीट करता येईल असं वाटत नाही. मी बैलगाडीतून, आगगाडीतून, टांग्यातून मुलूख पाहिला आहे, पण तो नेहमी एका बाजूनं. इथं चहूकडे मोकळं. बाजरी काढून झाली होती, काळी रानं ज्वारीसाठी नांगरून उघडी पडली होती. मधेच तुरीचा हिरवा पट्टा, बांधाला बाभळी, एखाद्या विहिरीजवळ दसऱ्यासाठी राखलेला झेंडू. परतीच्या पावसानं आभाळ धुऊन काढलं होतं. पुण्याकडे डोंगर सतत डोळ्यांच्या आड येतात, इथं क्षितिज असं वळून वळून स्वतःला मिळतं. आणि हे सगळं ज्या भोकातून मी पाहत होतो, तिथं माझ्याआधी कुणीतरी कोवळा पोरगा आभाळाकडे डोळे लावून, मरण कुठून येतंय ते पाहत उभा असणार. मला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

दुपार कलली तशी वाट एका ओढ्याशी येऊन थांबली. एरवी घोटाही भिजायचा नाही असा ओढा, पण वर कुठंतरी पाऊस झाला होता आणि गढूळ पाणी छातीएवढं वाहत होतं. अलीकडच्या काठावर एक सर्व्हिस मोटार अडकली होती. उतारू बाभळीखाली बसून गप्पा हाणत होते. एक म्हातारबा म्हणाला, "सकाळधरनं बसलोय. पानी उतरंल तवा उतरंल."

वसंता उतरला, काठीनं पाणी पाहून आला, आणि मग जे करू लागला ते पाहून मला वाटलं, याचं डोकं फिरलं. त्यानं इंजिनाचा पंखा फिरवणारा पट्टा काढून टाकला.

"अरे, इंजिन तापेल!"

"तापू दे थोडं. पंखा पाण्यात गेला की तो पाणी उडवतो, भाऊजी. विजेच्या तारांवर पाणी पडलं की मधेच बंद पडलो म्हणून समजा. पंखा गप्प बसला तर पाणी नुसतं शेजारून जातं."

तो पट्टा गळ्यात अडकवून तो स्टिअरिंगवर बसला. सर्व्हिस मोटारीतले उतारू बोचक्यांसकट मागे ऑइल इंजिनाभोवती चढले. नकटी पाण्यात उतरली. पाणी पायऱ्यांवर आलं, मग आत माझ्या पायांपाशी आलं. मागची चाकं कुठंतरी रुतली, गाडी थरथरली, आणि तेवढ्यात पुढच्या चाकांनी धरलं. तिनं आम्हा सगळ्यांना, त्या अजस्र इंजिनासकट, हळूहळू, मुळीच घाई न करता, पलीकडच्या काठावर चढवलं. मागून बायकांनी "देवा, देवा" केलं. मीही केलं असावं.

मी वसंताकडे पाहिलं. वर्षभर घरात मान खाली घालून जेवणारा हा मुलगा. त्याचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. आणि दोन दिवसांनी याच्या हातात कारकुनाचा टाक येणार, याचं मला पहिल्यांदा वाईट वाटलं.

वस्तीवर

चिचोंडी मागे टाकून राणबाच्या बहिणीच्या वस्तीवर आम्ही मुक्काम केला. सखूबाईंनी हुलग्याची शेंगोळी केली होती. लसणाचा घमघमाट, वर कच्चं तेल, बरोबर ज्वारीची भाकरी आणि कांदा. पुण्यात हुलगे आपण घोड्याला घालतो. मी दोनदा मागून घेतली आणि सखूबाई म्हणाल्या, "मास्तर, लाजू नगा, पातेलं हाय अजून."

दिवेलागणीला वसंतानं एक गंमत दाखवली. गाडीच्या मागच्या आसाच्या मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो. हिचा गोळा पांढराशुभ्र रंगवलेला, आणि त्याच्यावर वरून प्रकाश पडेल असा एक इवलासा दिवा. तो लावला तर गाडीखाली फक्त तो गोळा चंद्रासारखा दिसू लागला. वस्तीवरची पोरंबाळं, बायका, सगळी खाली वाकून पाहू लागली. मीही जमिनीला गाल लावून पाहिलं.

"मोठे दिवे लावायची बंदी असायची," वसंता म्हणाला. "शत्रूला दिसतात. वरून हा दिसत नाही, लांबूनही दिसत नाही. फक्त मागच्या ड्रायव्हरला दिसतो. त्यानं त्या गोळ्यावर डोळा ठेवून यायचं. डोंगरात अशा गाड्यांच्या गाड्या जायच्या. एका बाजूला कडा."

"आणि पुढचा कड्यावरून गेला तर?"

"मग मागचाही," तो म्हणाला. सखूबाईंनी पदरानं तोंड झाकलं.

खंडेनवमी

आमच्याकडे खंडेनवमीला मी रंगांच्या पेटीला एक फूल वाहतो, की झाली पूजा. इथं मात्र पहाटेपासून नांगर, कुळव, विळे, खुरपी सगळी धुऊन अंगणात मांडलेली. बैलगाडीची चाकं काव कालवून तांबडी केलेली. मी विहिरीवरून आलो तर राणबा नकटीच्या चाकांशी बसला होता. त्यानं उरलेली काव चारही चाकांना चोपडली होती. आतलं कडं, बाहेरचं कडं, मधलं पोलाद, सगळं एकसारखं तांबडं. वर हळदीकुंकवाची बोटं, झेंडूच्या माळा. नाकाच्या जागी त्यानं आंब्याचा डहाळा बांधला होता. मी मनापासून वाहवा केली. पहिल्यांदाच ती बाई चारचौघींसारखी दिसत होती.

वसंता आला, चाकांकडे पाहून थबकला.

"कसं काय, मालक?" राणबा म्हणाला. "आमच्या हिकडची रीत हाय."

"छान," वसंता म्हणाला. मग सावकाश पुढे म्हणाला, "जामखेडला पोचलो की चाकं मात्र धुऊन घेऊ, राणबा. तेव्हा तुला एक दाखवायचंय."

सणाच्या दिवशी त्या माणसाचा विरस करायला तो धजला नाही. नारळ फुटला, आम्ही निघालो.

थोड्या वेळानं मोगलाईची हद्द लागली. नगर आणि जामखेड दोन्ही आपल्या इलाख्यात, पण मधली वाट निजामाच्या मुलखातून जाते, त्यामुळे करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर मालाची झडती द्यावी लागते. नाक्याच्या अलीकडेच गाडी एका बाजूला ओढू लागली. बैलाच्या खुराला मारलेल्या पत्रीचा खिळा मागच्या चाकात घुसला होता. चाक थोडं बसलं होतं, पण पुरतं नाही.

"कागद दाखवून येतो, मग चाक बदलू," म्हणून वसंता नाक्यात गेला. आतून बराच वेळ आवाज येत राहिला. अंमलदाराला इंजिन हे यंत्र की वाहन याचा निकाल लागत नव्हता.

राणबाला दम नव्हता. मालक येईस्तोवर काम उरकून ठेवावं, या चांगल्या मनानं त्यानं मोठा पाना काढला, चाकासमोर उकिडवा बसला आणि नट ढिले करू लागला. त्यानं बाहेरच्या मोठ्या कड्यापासून सुरुवात केली. सगळेच नट काढायचे, तर मोठे आधी, असा त्याचा हिशेब. मी धोंड्यावर बसून पाहत होतो. मलाही आता दोन कडी दिसत नव्हती, एक तांबडं चाक दिसत होतं. एक नट निघाला, दुसरा निघाला, तिसरा. राणबा गुणगुणत होता.

"राणबा! हात काढ!"

वसंता नाक्याच्या दारात होता. असा आवाज मी त्याच्या घशातून कधी ऐकला नव्हता. कागद फेकून तो धावत आला, राणबाच्या काखांत हात घालून त्याला मागे ओढलं आणि दोघेही रस्त्याच्या कडेच्या तरवडाच्या झुडपात जाऊन पडले. मला वाटलं, भांडण जुंपलं.

"कुणी पुढे येऊ नका. भाऊजी, तिथंच बसा. हलू नका."

मग मी पाहिलं. जिथले नट निघाले होते तिथं चाकाच्या लोखंडाला एक बारीक फट पडली होती, आणि चाकातून कुरकुर असा आवाज येत होता.

वसंता गाडीखालून सरपटत गेला. चाकाच्या तोंडासमोर न येता बाजूनं पालथा पडला, हात लांब केला आणि चाचपडत हवेचं तोंड मोकळं केलं. फुस्स आवाज सुरू झाला, तो बराच वेळ चालला. थांबला तेव्हा वसंता उठून बसला, रस्त्याच्या कडेला गेला आणि ओकला.

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं आम्हाला सांगितलं. हे चाक अखंड नव्हतं. दोन ताटल्या तोंडाला तोंड लावून ठेवाव्यात तसे त्याचे दोन भाग, मधे टायर. बाहेरच्या कड्यातले नट त्या दोन ताटल्या धरून ठेवत. आतल्या कड्यातले नट चाक गाडीला धरून ठेवत. चाक बदलायला फक्त आतले काढायचे. बाहेरच्यांना हवा असताना हात लावला, तर आतली कोंडलेली हवा पुढची ताटली तोफेच्या गोळ्यासारखी बाहेर फेकते.

"मग असलं चाक केलंच कशाला?" मी चिडून विचारलं.

"लढाईत टायर बदलायला हत्यारं नसतात, भाऊजी, वेळही नसतो. हवा सोडली, हे नट काढले, ताटल्या अलग. नुसत्या हातानं टायर निघतो. याच्याइतकं सोयीचं चाक नाही. पण आधी हवा सोडायची. म्हणून तो लाल रंग."

राणबा खाली बसून स्वतःच्या हातांकडे पाहत होता. "मला वाटलं, समदेच काडायचे असत्यात," तो म्हणाला.

"यमाजीलाही तसंच वाटलं होतं," वसंता म्हणाला.

यमाजी कोल्हारचा. लढाईत वसंताच्याच गाडीवर, टपाच्या भोकात उभा राहणारा. चिखलानं चाकं अशी माखली होती की लाल-काळं काही दिसत नव्हतं, आणि वसंता त्या वेळी दुसऱ्या गाडीखाली होता. लढाई संपल्यावर वसंता प्रवराकाठी कोल्हारला गेला, त्याच्या आईला भेटायला.

"त्या विचारायला लागल्या, गोळीनं गेला का बॉम्बनं? मी म्हटलं, नाही आई, चाकातल्या हवेनं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, 'हवेनं मानूस मरतो व्हय रं?'"

रस्त्यावरून एक मेंढरांचा कळप गेला. नाक्यावरचा अंमलदार कागद उचलून घेऊन आला आणि ते माझ्या हातात देऊन परत गेला.

"राणबाला मी आज सांगणारच होतो," वसंता म्हणाला. "तो विसरायचा नाही. पण शेट उद्या गाडी दुसऱ्याला विकतील, तो तिसऱ्याला. त्यांना कोण सांगणार? रंग उडेल. दसऱ्याला पुन्हा कुणी काव लावेल." आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पण आईला शब्द दिलाय."

वसंतानं ते चाक काढून दुसरं चढवलं. मी नाक्यामागच्या ओढ्यातून पाणी आणलं, राणबानं आपला रुमाल भिजवला, आणि आम्ही दोघांनी चारही चाकं धुतली. काव पाण्याबरोबर वाहून गेली. खाली वसंताचा तेलातला लाल रंग होता तसा निघाला, एकेक नट. तो हातानं पुसताना माझ्या मनात आलं, या कुरूप गाडीची एकेक विचित्र रेघ कुणाच्या ना कुणाच्या जिवावर शिकलेली आहे. उलटी काच, पांढरा गोळा, हे लाल कडं. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आलो, की आकार डोळ्यांना सुखवतो म्हणून सुंदर असतो. त्या दिवशी मला तसं सांगता आलं नसतं.

जामखेड : दसरा

मोतीशेट पेढीच्या ओट्यावर वाट पाहत होते. जरीची टोपी, हातात आपट्याची पानं. इंजिन उतरलं, सोनं दिलंघेतलं, चहा झाला. वसंतानं खिशातून गाडीचे कागद काढले आणि मांडीवर ठेवले. त्याचा चेहरा पुन्हा त्या जेवणाच्या ताटावरच्या चेहऱ्यासारखा झाला होता.

"मग मास्तर," शेट मला म्हणाले, "तुम्ही वडीलधारे. ठरल्याप्रमाणे?"

मंडळींचा चेहरा डोळ्यांपुढे आला, मग सासूबाईंचा.

"शेट, गाडी द्यायची नाही," मी म्हणालो.

वसंतानं इतक्या जोरानं मान वळवली की टोपी पडली.

"द्यायची न्हाई म्हंजे? शबूद झालाय की!"

"झाला होता. मोडतोय तो मी, हा नव्हे. बोल लावायचा तर मला लावा."

शेटचा चेहरा तांबडा झाला. ते बरंच काही बोलले आणि त्यातलं पुष्कळसं रास्तही होतं. मग राणबा, जो दारात उभा होता, पुढे झाला.

"शेट, मी सांगतू. ती गाडी मी घेतली आसती तर काल तुमच्या दारात माजं मडं आलं आसतं. ज्याची हाय त्याच्याकडं ऱ्हाऊ द्या. तुमचा माल हाकंल की तो, कुटं जातुय?"

शेटनी मिशीवरून हात फिरवला. शेवटी म्हणाले, "मंग दिवाळीची सरकी न्यायला तरी येनार का?"

"येईन," वसंता म्हणाला, आणि कागद खिशात घातले.

घरी

सासूबाईंना मी सगळं सांगितलं. यमाजीचंही, कोल्हारच्या त्या बाईचंही. त्यांनी ऐकून घेतलं, उठून आत गेल्या. कचेरीतली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. आमच्या मंडळींनी माझ्याशी दिवाळीपर्यंत बेताचंच बोलणं ठेवलं, आणि ते मी निमूटपणे सोसलं. माणसं खाऊन आलेली गाडी, हे सासूबाईंचं म्हणणं खोटं नव्हतंच.

हे सगळं लिहायला बसायला वर्ष गेलं, कारण शेवट मला या खंडेनवमीला मिळाला. आम्ही नगरला सासूबाईंकडेच होतो. नकटी दारात धुऊन उभी होती. सासूबाई वर्षभर तिच्याजवळून जातानाही पदर आवरून जात. त्या दिवशी तबक घेऊन स्वतः बाहेर आल्या. वसंता गडबडीनं पुढे झाला. त्यांनी त्याला हातानं मागे सारलं आणि चाकापाशी वाकल्या.

"ते हवेचे कुठले?"

वसंतानं बाहेरचं लाल कडं दाखवलं.

त्यांनी ते नीट पाहिलं. बोटांवर घेतलेलं कुंकू परत करंड्यात झटकलं, आणि हळदीत बोटं बुडवून आतल्या कड्यातल्या एकेका नटाला ठळक पिवळा ठिपका लावत गेल्या. चारही चाकांना. एकही ठिपका बाहेर गेला नाही. मग उठल्या, हात जोडले, आणि वसंताला म्हणाल्या, "हिला कुंकू लावायचं नाही, असं त्या राणबालाही सांग. आणि कोल्हारवरनं गेलास तर त्यांच्याकडे जाऊन ये. माझा नमस्कार सांग."